वायरीत दोष नव्हता

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

परत गेलं! अकरा वाजून सात मिनिटांनी. मीटिंगमध्ये माझी पाळी आली, तोंड उघडलं आणि समोरचे सहाही चेहरे जागच्या जागी थांबले. लॅपटॉप उचलून ओसरीवरून आत पळालो, बंद केला, चालू केला. तोवर माझं काम वरदनंच सांगून टाकलेलं.

वरद माझा साहेब. चार वर्षांनी लहान. नंतर फोन केला त्यानं. चांगलं बोलला, तेच जास्त लागलं. म्हणाला, महिनाअखेरपर्यंत नेट सुधारलं नाही तर पुण्याला येऊन ऑफिसात बसावं लागेल.

आईचे गुडघे असे धरलेले. तिला इथनं हलवता येत नाही. बायकोला, शिवप्रियाला, तिच्यापाशी ठेवून मी एकट्यानं जायचं? नळदुर्गात बसून काम करू द्या म्हणून दोन वर्षं भांडलो ते यासाठीच का?

मंगळवार, ५ ऑगस्ट

नेटवाला आला. मल्लिकार्जुन नाव. माझ्याच वयाचा. कडक इस्त्रीचा शर्ट घालून खांबावर चढतो माणूस! वायर तपासली, टोक कापून नवं बसवलं. दोन फोन नंबर लिहून चिठ्ठी राउटरला चिकटवली.

शिवप्रियानं पाणी दिलं. तिचं मराठी ऐकून त्यानं कन्नडात काहीतरी विचारलं. तिनं उत्तर दिलं. मग दोघं थांबेचनात. मला मधूनमधून ‘आळंद’ तेवढं कळलं — तिचं माहेर त्या बाजूचं. माझे वडील कन्नड झकास बोलायचे. माझी गाडी ‘ऊट आय्ता’ — जेवण झालं का — याच्या पुढं कधी गेलीच नाही.

आणि ती हसली. मान मागं टाकून, मोठ्यानं. लग्नाला चार वर्षं झाली. हे हसणं मी आज पहिल्यांदा ऐकलं.

बुधवार, ६ ऑगस्ट

दिवसभर भुरभुर. ओसरीवर बसता आलं नाही, आतच टेबलापाशी चार्जर लावून काम केलं. नेट एकदाही गेलं नाही. त्याच्या हाताला गुण दिसतो. खूश व्हायला पाहिजे. होत नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

ऊन पडलं, ओसरीवर बसलो, तीनदा गेलं. बरं वाटलं — हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. केलं काय मग त्या मल्लिकार्जुननं?

शिवप्रिया म्हणाली, ते त्या दिवशीच म्हणत होते की वायर ठीक आहे, लॅपटॉप तपासून घ्या. मी म्हणालो, दहा वर्षं कॉम्प्युटरवर भाकरी खातोय, मला शिकवू नको म्हणावं त्याला. ती आत गेली. ‘ते’ म्हणाली. ‘ते’!

रविवार, १० ऑगस्ट

सुट्टी यातच घालवली. राउटर बंद करून पाच मिनिटांनी लावला. लोखंडी कपाटाच्या मागून काढून खिडकीत ठेवला. पासवर्ड बदलला, शेजारी कुणी वापरत असेल म्हणून. संध्याकाळी ओसरीवर परत गेलं. शिवप्रिया म्हणाली, बोलावू का त्यांना? नको म्हणालो. जरा जोरातच.

सोमवार, ११ ऑगस्ट

केलं नको ते. ती आंघोळीला गेली आणि मी तिचा फोन बघितला.

एका नंबरावर पाच कॉल. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. सगळे दुपारी अडीच ते तीनमधले — मी मीटिंगमध्ये अडकलेला असतो तेव्हाचे. नाव कन्नडात लिहिलेलं, मला वाचता येत नाही. राउटरवरच्या चिठ्ठीशी ताडून बघितलं. खालचा नंबर. तोच.

श्रावणी सोमवार म्हणून तिनं साबुदाणा केला होता. अर्धा ताटातच टाकून उठलो.

मंगळवार, १२ ऑगस्ट

नेटवाल्यांच्या ऑफिसला गेलो. महालिंगप्पा म्हणून साहेब आहेत तिथले, वडिलांच्या ओळखीचे. त्यांना म्हणालो, तुमचा माणूस वायर नीट जोडत नाही, घरात बायकांशी गप्पा मारत बसतो. लेखी द्या म्हणाले. दिलं. खाली नाव-गाव घातलं — उमाशंकर, नळदुर्ग.



गुरुवार, १४ ऑगस्ट

दुसरा माणूस आला. मराठी बोलणारा. वायर बघून म्हणाला, दोष काही दिसत नाही. शिवप्रिया स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट

सापडलं.

मोबाइल आणि लॅपटॉप ओसरीवर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीवर घरच्या वायफायवरून एकच व्हिडिओ लावला. लॅपटॉपचा बंद पडला, मोबाइलचा चालूच. आत नेऊन चार्जर लावला — तासभर चालला. चार्जर काढला, थोड्या वेळानं गेलं. मग लॅपटॉपच्या सेटिंगांत शोधत बसलो. बॅटरी वाचवायला वायफाय बंद करायची मुभा होती, एक बारीकशी खूण लावलेली. काढली. चार तास ओसरीवर बसलो, नेट हललं नाही.

दहा वर्षं भाकरी खातोय म्हणे! मल्लिकार्जुननं न बघता ओळखलं होतं.

पण पाच कॉलचं काय? तेवढ्या एका गोष्टीला धरून बसलोय.

सोमवार, १८ ऑगस्ट

दुपारी आत आलो तर शिवप्रिया डोळे पुसत होती. मल्लम्मा चालली, म्हणाली. कोण मल्लम्मा?

मल्लिकार्जुनची बायको. आळंदजवळचीच, शिवप्रियाच्या गावापासून दोन कोसांवरची. चिठ्ठीवरचा खालचा नंबर तिचा. घरात कुणाला कन्नड येत नाही हे ऐकून त्यानंच सांगितलेलं, आमच्या हिच्याशी बोला, तीही इथं एकटी पडली आहे म्हणून. मी मीटिंगमध्ये, आई झोपलेली — तेवढाच तिला वेळ मिळायचा. येत्या शुक्रवारी त्या दोघी किल्ला बघायला जाणार होत्या. कुणीतरी लेखी तक्रार केली, मल्लिकार्जुनची बदली परंड्याला झाली. घर हलवायला लागले.

शिवप्रिया म्हणाली, “तिच्याशी बोलताना मला शब्द शोधावा लागत नव्हता.”

ओसरीवर लॅपटॉपमधून वरद हाका मारत होता. नेट अगदी स्वच्छ चालू होतं.

मंगळवार, १९ ऑगस्ट

महालिंगप्पांकडं गेलो. तक्रार खोटी होती, मागं घेतो म्हणालो. त्यांनी फायलीतून माझा कागद काढला. परंड्याला माणूस पाहिजेच होता, म्हणाले, ऑर्डर निघाली, आता फिरत नाही. तक्रार खोटी असल्याचं मात्र लिहून घेतलं, त्याच्या नावावर डाग नको म्हणून.

तिथून मल्लिकार्जुनच्या घरी गेलो. दारात टेम्पो, सामान चढत होतं. सगळं सांगितलं त्याला. ऐकून घेतलं त्यानं. माझ्या हातात गादीचं एक टोक दिलं आणि म्हणाला, “धरा. पुढचं तुमच्या घरात सांगा, मला न्हाय.”

मल्लम्मा आत भांडी बांधत होती. तिच्याकडं बघवलं नाही.

बुधवार, २० ऑगस्ट

सांगितलं. फोन बघितला इथपासून सगळं. आई शेजारच्या देवळात गेली होती तेव्हा. वरदचा मेल आलाय, पुण्याला यायची गरज नाही — ते सांगायचं राहिलंच.

शिवप्रिया रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “फोनमधलं नाव तुम्हाला वाचता येत नव्हतं. मग मला का नाही विचारलं?”

आणि आईला आणायला देवळाकडं निघून गेली.

गुरुवार, २१ ऑगस्ट

सकाळी शिवप्रियानं चहा ठेवला आणि कन्नडात काहीतरी म्हणाली. वाटलं आईशी बोलतेय. आई तिथं नव्हती. आईशी मराठीत बोलते, माझ्याशी फक्त कन्नडात. सकाळपासून हेच चाललंय. आवाजात राग नाही. एकेक शब्द सुटा करून, सावकाश बोलते. मला काही कळत नाही. ती थांबते. म्हणजे काय, असं मी विचारेपर्यंत थांबते.