क्लॅरिनेटवाल्याची कवळी

२ डिसेंबर १९७३, खालापूर
चूळ भरली, पाणी लाल. उष्णता. बँडमध्ये पहिली क्लॅरिनेट वाजवणाऱ्याच्या तोंडात उष्णता असायचीच. बायको, पुतळा, म्हणाली, हिरड्या सुजल्यात, कर्जतच्या डॉक्टरला दाखवा. त्यापेक्षा मशेरी दुप्पट लावायचं ठरवलं.

९ डिसेंबर
मशेरी दुप्पट. रक्तही दुप्पट. वाईट रक्त बाहेर पडतंय. गुण आहे.

२१ डिसेंबर
एक दात भाकरीत राहिला. भाकरी कडक होती. पुतळा म्हणाली, दुधात कुस्करली व्हती.

४ जानेवारी १९७४
कर्जतला गेलो. बँडच्या ड्रेसचं कापड बघायला. वाटेत दवाखाना लागला, इतकंच. डॉक्टरने हिरडी दाबली, पू आला. पायोरिया म्हणाला. आतलं हाड झिजलंय, सगळे दात काढावे लागतील. मी विचारलं, लग्नाच्या सीझनचं काय? तो म्हणाला, आधी मशेरी बंद. विषय बदलणारा माणूस मला आवडत नाही.

८ फेब्रुवारी
शेवटचा दात निघाला. दुखणं मुळासकट गेलं. डॉक्टर म्हणाला, हिरड्या भरून येऊ द्या, काही महिन्यांनी कवळी बसवू. बँडमास्टर नामा म्हणाला, तवर सखा पुढं उभा ऱ्हाईल. सखा आमची दुसरी क्लॅरिनेट. तात्पुरतं. मीच सुचवणार होतो.

१० फेब्रुवारी
प्रॅक्टिस. फुंकायला दात कशाला? हवा हिरड्यांमधूनही जाते. गेली. सगळीकडून गेली, क्लॅरिनेट सोडून.

१७ मार्च
थांबणं माझ्या स्वभावात नाही. खोपोलीच्या एका माणसाकडून कवळी करून आणली. मापही झटपट घेतो. पुतळा बघतच राहिली. म्हणाली, ह्ये कुनाचं तोंड हाय? तरुण दिसतो असा अर्थ.

२ एप्रिल
वरच्या हिरडीला फोड. कवळीवाला म्हणाला होता, रात्री पाण्यात ठेवा. मी तोंडातच ठेवतो, हिरडीला सवय लागावी म्हणून. फक्त जेवताना काढतो.

११ एप्रिल
नामाला वाजवून दाखवलं. कवळी जरा हलते, आतून कापूस लावला. तो म्हणाला, हिरामणदादा, लोधिवलीचं लगीन मोठं हाय, तुमी बसून घ्या. मी म्हटलं, मी नसलो तर मोठं कसं? शेवटी कबूल झाला. सखाचं तोंड उतरलं. वाईट वाटलं. थोडंसं.

२८ एप्रिल
लोधिवलीची वरात. मी पुढे. सुरुवात फर्स्टक्लास. देवळापाशी लांब सूर धरला. लोक थांबले. श्वास घ्यायला क्लॅरिनेट तोंडातून काढली, तर वरची कवळीही तिच्याबरोबर आली. नवरदेवाच्या मामाने टाळ्या वाजवल्या, त्याला आयटम वाटला. मग कवळी खाली पडली. ड्रमवाल्याचा पाय.
सखाने माझा सूर होता तिथूनच उचलला. वरात थांबली नाही. मी बाजूला रुमाल धरून उभा.

५ मे
नामा घरी आला. चहा प्यायला. मग म्हणाला, दादा, हिरड्या बऱ्या होईस्तवर खुळखुळा धरा. विचार केला. ताल हा बँडचा पाया. म्हणजे सगळा भार माझ्यावरच. डॉक्टरकडेही जाईन म्हणालो. पुतळा म्हणाली, उद्या. मी म्हटलं, उद्या कुंभिवलीचं लग्न आहे.

६ मे
कुंभिवली. मागच्या रांगेत, ड्रमच्या पलीकडे. सखाने सूर लावला. बरा वाजवतो. चांगला वाजवतो. ऐकत राहिलो.
नामा पुढून ओरडला, दादा, हात चालवा!