फिकट फोमच्या गाद्या आणि माझं बाकीचं

मी, एरंडेल तेलापासून फोम बनवायच्या कारखान्यात पिंप ढवळणारी, वय अठरा पूर्ण, शाळा नववीत सोडलेली, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. बिघाड छातीत आहे, त्याचं ऑपरेशन सोमवारी. कुणी जबरदस्ती केलेली नाही. आई तर म्हणाली, "असलं अभद्र लिहू नकोस."

१. बँकेत असेल ते आईला. त्याचं काय करायचं हे दादाला विचारू नये.

२. सायकल दादाला. मला 'मुकी' म्हणतो, तरी. चेनला एरंडेल घालू नये, चिकटतं.

३. शाळेतल्या बाईंना काही नाही. मोठ्यानं वाचायला उभं करायच्या आणि मी अडखळून वर्ग हसला की त्याही हसायच्या. राग नाही असं लिहिणार होते, पण इथे खोटं लिहून चालत नाही.

४. माझी वही मिश्रण करणाऱ्या मास्तरांना. फोमनं पेट घेऊ नये म्हणून आम्ही तेलात काळी पूड घालतो. ती तळाशी बसते, म्हणून सारखं ढवळावं लागतं. जेवणाच्या सुट्टीनंतर मास्तर घाईघाईत वरवरची बादली भरून घ्यायचे. "थांबा, ढवळू दे" एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं नाही. त्या बादलीचा फोम करडा न येता फिकट यायचा. मागच्या महिन्यात दोन्हींचे तुकडे अंगणात पेटवून पाहिले. करडा काळा पडून विझला. फिकट थेंब टाकत शेवटपर्यंत जळला. त्या फिकट फोमच्या गाद्या हॉस्पिटलला गेल्यात. तिथेच तपासणीला गेले तेव्हा माझ्या खाटेवरच्या गादीची खोळ उघडून बघितली. फिकट. सुट्टीनंतर ओतलेल्या फोमच्या प्रत्येक ठोकळ्याची तारीख वहीत आहे. मी गेल्यावर मास्तरांनी ती वाचून गाद्या परत आणाव्यात.

५. कारखान्यातले कटरवाले काका आणि शिलाईवाल्या मावशी यांना काही नाही. दोघं साक्षीदार आहेत. साक्षीदाराला देता येत नाही म्हणतात. काका म्हणाले, "म्हणजे सही फुकटात."

सही करायच्या आधी मावशींनी चौथं कलम दोनदा वाचलं.

"आणि तू जगलीस तर? गाद्या तशाच?"

"मला बोलता येत नाही हो, मावशी."

"वाचता येतं ना? हेच वाच. मी शेजारी बसते."

काकांनी मास्तरांना फोन लावला. मी वाचलं, मोठ्यानं. कुणी हसलं नाही.  मास्तर म्हणाले, "बादली मीच भरायचो, पोरी. उद्या सकाळी टेम्पो काढतो. वही घेऊन ये, कुठल्या गाद्या ते तू सांग."

म्हणून कलम चार खोडलं आहे. खोडाखोड माझीच आहे, बाजूला सही केली आहे. वही सध्या मलाच लागणार आहे. बाकीचं कायम.

लिहून देणारी: (सही)
साक्षीदार: कटरवाले काका (सही), शिलाईवाल्या मावशी (सही). दोघांनी माझ्यासमोर केल्या, मी त्यांच्यासमोर.
ठिकाण: आमचं स्वयंपाकघर
दिनांक: ८ मार्च, शनिवार