बाबांच्या तोंडी परका आवाज

पुणे, १३ जानेवारी १९५८

ती. सौ. मालूताईस,
धाकट्या भटक्याचा सा. न., आणि आईच्या पायांवर डोकं.

माझा पहिला चित्रपट शनिवारी पनवेलच्या तंबूत लागतोय. चौथीतून पळालेला, नाटक कंपनीचे पडदे रंगवत गावोगाव फिरलेला तुझा भाऊ दिग्दर्शक झाला. आता तरी भावजींना सांग, मला उनाड म्हणू नका. आईला जरूर ने. दिवाळीत बाबा गेल्यापासून ती धड जेवत नाही म्हणतेस; चित्रपटात मी बाबांना एक काम दिलं होतं, तिथे ते दिसतील, मिठागरावर उभे, चक्क हसताहेत. इथे थंडी अशी की चहा बशीत ओतेस्तोवर गार. हां, सांगायचं राहिलं, आवाज बाबांचा नाही. गावच्या नाटकात मीच त्यांना बजावायचो, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू गेलं पाहिजे. इथेही ते तसेच गरजले, सगळा आवाज फाटला. मग पुण्याच्या एका नटाकडून बोलून घेतलं. ओठ छान जुळलेत, कळायचं नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा बळीराम

विचुंबे, २४ जानेवारी

चि. बळीरामास ताईचा पोटभर आशीर्वाद.

आईला नेलं. अर्धी आळी आली होती. बाबा दिसले तसा आईने पदर सावरला, जणू ते तिच्याकडेच बघतायत. मग ते बोलले, अगदी पुस्तकी. आई मला म्हणाली, मानूस तं त्योच हाय, पन बोलतंय कोन? मागून शेजारचा शिवा म्हणाला, काशिरामदादा मेल्यावर शाळा शिकला काय. काही हसले.

तरी ती रोज जाते. म्हणते, चुकून एखाद येळी त्यांचा आवाज येल. तिला एकदाच ऐकायचाय रे. तुमच्याकडे तो कुठे ठेवलेला असेल ना? तेवढा घेऊन ये.

जिवाला जप.
मालूताई

पुणे, २ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस सा. न.

स्टुडिओत जाऊन आलो. बाबांच्या आवाजाची फीत पुसून तिच्यावर दुसऱ्या चित्रपटातलं लग्नाचं गाणं भरलंय. फीत महाग, सगळेच असं करतात, मीही केलंय. तरी पूर्ण ऐकली. सनई आहे, बायकांचं खिदळणं आहे, बाबा कुठेच नाहीत. स्टुडिओच्या मालकाने मला पुढचा चित्रपट दिलाय, काल हो म्हणून बसलो. आज त्या मालकाचं तोंड बघवत नाही, तसं त्याचं काही चुकलेलं नाही. आईला तूच सांग. तंबूत जातेय तोवर जाऊ दे, निदान दिसतात तरी.

रागावलीस तरी लिही.
बळीराम

विचुंबे, ९ फेब्रुवारी

चि. बळीरामास आशीर्वाद.

आईला सांगितलं. रडली नाही. तंबूत जाणं तिने आधीच सोडलंय. आधी म्हणे डोळं मिटलं की ते हाक मारायचे, सोने, म्हणून. आता हाक येते ती त्या पुण्याच्या माणसाच्या आवाजात. बाबांचा कसा होता ते आठवायला बसली की तो माणूसच बोलायला लागतो.

तुला विचारायला सांगितलंय, त्याचं नाव काय. रोज हाक मारतोय, नाव तरी ठावं पायजे, म्हणाली. तेवढं कळव.

तुझीच,
मालूताई