ओसाद्चुकचा वर्तणुकीचा दाखला

४ मार्च १९७५

डिव्हिजनचा तक्ता आला. सातवा रकाना — ‘श्रद्धावंत सैनिक’. बाकी सगळ्या पलटणींचं शून्य, आमच्या बांधकाम पलटणीचा एक! तो एक म्हणजे ओसाद्चुक. रोवनोकडचा, बाप्टिस्ट पंथाचा ख्रिस्ती, वय वीस. लष्करी शपथ घेत नाही, पलंगाशी गुडघे टेकून प्रार्थना करतो. बाकी स्वभावानं अगदी गरीब गाय. नोव्हेंबरात त्याची सेवा संपते. त्याआधी त्याच्यावर ‘वैयक्तिक काम’ करून, म्हणजे समजावून देव सोडायला लावून, शून्य आणलं, तर मला सैबेरियातून बदली. झिनानं आत्तापासून ट्रंका झाडायला काढल्यात. मी राजकीय अधिकारी आहे, जादूगार नाही, हे बायकोला कोण सांगणार?

९ मार्च

वैयक्तिक काम, धडा पहिला. तासभर बोललो — माणूस वानरापासून झाला, अंतराळवीरांना वर देव दिसला नाही, सगळं. कळलं का विचारलं. “कळलं, कॉम्रेड कॅप्टन. तुम्ही छान सांगता.” मग उठून माझा चहाचा पेला विसळून ठेवला.

१७ एप्रिल

कमांडर सुखोरुकोवनं ओसाद्चुकला मार्चपासूनच गोदामावर नेमलंय, मला आज कळलं. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, साहेब, पंथवाल्याच्या हाती किल्ल्या? तर म्हणतात, “अरे बाबा, तो पीत नाही, चोरत नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा महिनाअखेरीला पिंपात स्पिरिट शिल्लक पाहिलं मी. तू त्याचा देव खुशाल काढून घे, पण माझा गोदामवाला बिघडवू नकोस.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

२ जून

सैनिकांची पत्रं वाचणं हे माझं काम. (आवडीचं नाही. पण ओसाद्चुकची आई डुकराच्या तब्येतीबद्दल लिहिते ते मी चुकवत नाही.) आज तिच्या पत्रात भलतंच सापडलं — त्यांच्या पंथाच्या मंडळीनं त्याला अजून सभासद करूनच घेतलेलं नाही!

बोलावून विचारलं. लाल झाला. “दोनदा अर्ज केला. मंडळीचे वडील, म्हणजे आमचे प्रमुख, म्हणाले, पोरगं गर्विष्ठ आहे, सैन्यातून परत येऊ दे, मग बघू. शिवाय बाहेरच्यांची साक्ष लागते. आमच्यातल्या नसलेल्या कुणीतरी सांगायचं, माणूस कसा आहे ते.” आणि ती नसेल तर? “तर नाही घेणार.” त्याचा आवाज एवढा बारीक झालेला मी पहिल्यांदा ऐकला.

तीन महिने मी ज्याला बाहेर ओढतोय, तो आत गेलेलाच नाही! लगेच रकान्यात शून्य भरलं. सभासद नाही, मग श्रद्धावंत कसला?

२० जून

तक्ता परत. शेरा : ‘गुडघे टेकतो ना? मग एक.’

११ सप्टेंबर

आज सौदा करून पाहिला. गोदामात तो जाड लोकरी नमद्याचे बूट जोडीनं लावत होता. म्हटलं, तू शपथ घे, मी तुझ्या वर्तणुकीचा असा दाखला लिहितो की मंडळीचे ते वडील तुला वेशीपर्यंत न्यायला येतील. त्यानं दोन जोड्या लावल्या, मग म्हणाला, “मग ती साक्ष दुसऱ्याच कुणाबद्दलची होईल, कॉम्रेड कॅप्टन.”

फार राग आला. घरी येईपर्यंत कळलं, राग नव्हता. हेवा वाटत होता.

२८ ऑक्टोबर

डिव्हिजनचा फोन. “तुमचा बाप्टिस्ट गोदामावर आहे म्हणे? मग चोर असणारच. दाखल्यात तसं लिहा, पुढचं आम्ही बघतो.” पुढचं म्हणजे खटला आणि तीन वर्षं तुरुंग. फोन ठेवताना सहज बोलल्यासारखं — दक्षिणेत, क्रास्नोदारला एक जागा रिकामी होतेय.

झिनाला सांगितलं. क्रास्नोदारला द्राक्षं होतात, म्हणाली. मग बराच वेळ बटाटे सोलत राहिली. “लिहिणार आहेस?” मी म्हटलं, माहीत नाही. “त्यानं त्याच्या आईकडची खारवलेली चरबी दिली होती आपल्याला.” म्हणून काय? “म्हणून काही नाही.”

मला भीती वाटते. नुसती बदली हुकण्याची नाही.

३० ऑक्टोबर

लिहिला. शब्दशः उतरवून ठेवतो :

‘दारू पीत नाही. चोरी करत नाही. गोदामाची मोजणी बिनचूक. वरिष्ठांशीही खोटं बोलत नाही. आठ महिने समजावूनही धार्मिक समजुतींत तसूभर फरक नाही. शपथ घेतली नाही. सुधारण्याची आशा दिसत नाही.’

सुखोरुकोवनं चष्मा लावून वाचला. “ही तक्रार आहे की मुलीकडच्यांना स्थळ सुचवलंयस?” म्हटलं, वाईटच लिहिलंय, शेवटची ओळ बघा. पुटपुटत शिक्का मारला. एक प्रत डिव्हिजनला, एक नियमाप्रमाणे ओसाद्चुकला. त्यानं दोनदा वाचला. सगळं बरोबर आहे म्हणाला. “फक्त ‘गर्विष्ठ’ राहिलं, कॉम्रेड कॅप्टन. ते घालाल का?”

मी म्हटलं, चालता हो.

१४ नोव्हेंबर

ओसाद्चुक गेला. गाडी सुटेपर्यंत फलाटावर थांबलो. तिथं माझं काही काम नव्हतं.

६ डिसेंबर

त्याचं पत्र. मंडळीनं घेतलं! बाप्तिस्मा उन्हाळ्यात, नदीत. दाखला भरसभेत वाचला, शेवटच्या ओळीला म्हाताऱ्या बायका रडल्या. मंडळीच्या वडिलांनी विचारलं, हे लिहिणारा भाऊ कुठल्या मंडळीचा? ओसाद्चुकनं सांगितलं, तो आपल्यातला नाही, कॅप्टन आहे. तेव्हापासून रविवारी माझं नाव घेऊन प्रार्थना करतात म्हणे. मेलो!

झिना म्हणाली, जाळ ते. जाळलं. मग दोघंही हसत सुटलो.

१९ डिसेंबर

मला राजकीय कामातून काढलं. माझ्या जागी एक तरुण लेफ्टनंट. झिनानं झाडलेल्या रिकाम्या ट्रंका पुन्हा पलंगाखाली सारल्या.

१२ जानेवारी १९७६

लेफ्टनंटनं बोलावलं होतं. आजपासून माझ्यावर वैयक्तिक काम सुरू. वही उघडून त्यानं विचारलं, देव मानता का? नाही म्हटलं. त्यानं लिहून घेतलं. दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. म्हटलं, खोडा ते. ‘अजून नाही’ असं लिहा.