बचावबोटीची किल्ली

ता. ६ एप्रिल

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत म्हणून लिहिते. माझं चित्त काही ठिकाणावर नाही. परवा नाना तळ्याच्या धक्क्यावर भोंगा घेऊन उभे होते. क्लबातले सगळे पोहणारे बाहेर येऊन अंग पुसत होते, तरी हे पाण्याकडे तोंड करून कोणाला तरी रागावत होते, की आता पुरे, काठाला ये. तिथे वळणाच्या खुणेचं नारिंगी पिंप तरंगत होतं, दुसरं कोणी नाही. नाना गंमत करताहेत असं वाटून सगळे हसले. मीही हसले. मग शेडमध्ये जाऊन वल्ह्यांना वॉर्निश लावायला बसले, तर एकाच वल्ह्याला दोनदा लावलं.

डोळ्यांचा विषय काढला की नाना उठून जातात. आणि येत्या रविवारी तळं पोहून पार करायची शर्यत आहे. बचावबोट नेहमीप्रमाणे नानाच चालवणार. पाण्यात जिकडेतिकडे माणसांची डोकी, आणि त्यांच्यामधून हे मोटर घेऊन जाणार. तू ये आणि त्यांच्याशी बोल. मुलगा म्हणून तुझं ते ऐकतात, मी त्यांच्या लेखी अजून फ्रॉकमध्येच आहे.

तुला, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला, बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर खोली मिळाली, हे ऐकून मात्र ते दिवसभर हसत होते. जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच, तू तिकीट काढलंस तर आणखी वाढेल.

तुझी ताई


ता. ९ एप्रिल

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र जिन्यातच वाचलं आणि दोन मजले कसे चढलो ते कळलं नाही. पण रविवारी येणं जमत नाही. एका दवाखान्याच्या दोन्ही लिफ्ट बंद आहेत, साहेब सुट्टीचं नाव काढू देत नाहीत. आणि खरं सांगू, सुट्टी मिळाली असती तरी नानांना तोंडावर काय सांगणार?

त्यापेक्षा एक सोपं सुचतं. बोटीची किल्ली शेडच्या दारामागे खिळ्याला असते ना? रविवारी सकाळी ती खिशात टाक. किल्ली सापडत नाही म्हटल्यावर आपल्या क्लबाचे सेक्रेटरी समोरच्या काठावरच्या क्लबाची बोट मागवतील, नाना काठावर बसतील, आणि कोणाचं मन दुखायला नको. नंतर मी सावकाश येऊन बोलेन. तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस.

असाच जीव लावत राहा.

तुझा धाकटा


ता. १५ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. सेक्रेटरींनी समोरची बोट मागवली, पण त्यांना वेळेचं भारी वेड. बोट यायच्या आधीच त्यांनी शिट्टी वाजवून शर्यत सुरू केली. मधल्या पाण्यात एका शाळेतल्या बाईंच्या पायात गोळा आला आणि त्या खाली जाऊ लागल्या. सगळा धक्का बोट, बोट म्हणून ओरडत होता. किल्ली माझ्या खिशात होती, धाकट्या. बोट मलाही चालवता येते. पण सगळ्यांदेखत ती खिशातून काढायची लाज वाटली आणि मी एकट्याने वल्हवायची कयाक पाण्यात ढकलली. वल्हवताना एकच कळत होतं, की मी उशिरा पोचणार. तरी त्यांचा हात माझ्या हाती लागला, बाई वाचल्या. रात्र दवाखान्यात काढून घरी गेल्या. पण अजून थोडा उशीर झाला असता तर काय, हे मनातून जात नाही.

परत आले तर नाना शेडपाशी गवतात गुडघ्यांवर बसून हाताने चाचपत किल्ली शोधत होते. सगळे बघत होते. सेक्रेटरींनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. नानांना वाटतंय, किल्ली आपणच कुठेतरी टाकली आणि विसरलो. आता गॅस बंद केला का हे उठून उठून बघतात. आज वार कोणता ते मला विचारतात आणि उत्तर बरोबर आलं की तेवढ्यापुरते निवांत होतात. काल म्हणाले, डोळ्यांचं निभावत होतो, डोकंच गेलं तर काय करू.

हे मला बघवत नाही. दोघं मिळून सांगू. पत्र मिळताच निघ.

ताई


ता. १८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून सुन्न झालोय. तरी हात जोडून सांगतो, एवढ्यात नानांना काही सांगू नकोस. किल्लीची कल्पना माझी होती हे कळलं, तर ते मला दारात उभं करणार नाहीत. महिनाअखेरीला नक्की येतो, मग बघू. तोवर वेळ मारून ने.

रागावू नकोस, एवढीच विनंती.

धाकटा


ता. २३ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

जाड पेनाने लिहितोय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, सांभाळून घे.

तुझं पत्र ताईने मला वाचून दाखवलं. सगळं दाखवलं, नानांना सांगू नकोस हेही. मग किल्ली माझ्या हातात ठेवली आणि खूप रडली. खरं सांगतो, मला आधी हायसं वाटलं. डोकं शाबूत आहे म्हणजे. राग नंतर आला आणि तो अजून आहे. त्या बाईंचं काही बरंवाईट झालं असतं, तर तुम्हाला काय आणि मला काय, जन्मभर तोंड वर करता आलं नसतं.

स्वतःलाही धरतोय, कारण डोळ्यांचं मला तुमच्याआधी माहीत होतं. बोट माझ्याकडून काढून घेतील म्हणून गप्प बसलो. ते मी सेक्रेटरींना जाऊन सांगितलं. ताईने तिचं सांगितलं. तुझं तेवढं राहिलंय.

काल ताईने डॉक्टरांकडे नेलं. उजवा डोळा गेलाय. डावाही जाईल, कधी ते सांगता येत नाही म्हणाले. तेव्हा महिनाअखेर वगैरे ठरवत बसू नकोस. मला तुला समोर बसवून रागवायचं आहे, आणि रागावताना तुझा चेहरा बघायचा आहे. अजून दिसेल, तोवर ये.

तुझे
नाना