बॅनरवर डावीकडून तिसरी

सुचेताताई,

तुमच्या संस्थेने दिलेली शिलाई मशीन घरी नीट पोचली.

नवरा जाऊन चार वर्षं झाली, तरी राहनाळच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाताना मी टिकली लावते, गळ्यात काळे मणी घालते. हौस नाही. घरी माणूस आहे असं वाटलं की सुपरवायझर चार हात लांब राहतो.

तुमच्या कार्यक्रमाला मी ड्युटीवरून तशीच आले. तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "काशी, विधवांचा कार्यक्रम आहे. फोटोत हे बरं दिसत नाही, देणगीदार विचारतील." आणि तुमच्या हाताने माझी टिकली काढलीत. नवरा गेला तेव्हा सासूने काढली होती. ती निदान रडत होती.

तो फोटो नाक्यावर बॅनरवर लागला, खाली माझं नाव. दुसऱ्याच दिवशी सुपरवायझर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "बताया नहीं तूने, अकेली रहती है?" तेव्हापासून तो माझं काम मागच्या रॅककडे लावतो. तिथे दुसरं कोणी नसतं. मशीनवर अजून एक ब्लाउजही शिवायला आलेला नाही, त्यामुळे नोकरी सोडता येत नाही.

हे पत्र मी तुम्हाला देणार नाही. जूनमध्ये माझ्या लेकीच्या, नेत्राच्या शाळेच्या वह्या तुमच्याकडूनच घ्यायच्या आहेत. तेव्हाही फोटो असेलच. त्या दिवशी मी टिकली घरीच काढून येईन. तुम्हाला त्रास नको.

तुमच्या बॅनरवर डावीकडून तिसरी,
काशी