आक्काची ओवी

३ मे १९३४, पणदरे
सुटी लागली म्हणून थोरल्या बहिणीकडे. काल पोचताच दाजींनी चिमटा काढला, "काय प्रोफेसर, कवितेवर पोट भरतं का?"
"पोट शिकवण्यावर भरतं, दाजी. कवितेवर नुसते ढेकर."
खूप हसले. (शिकवणेही हंगामीच, पण ते कशाला सांगा.)
पहाटे ओसरीवर पडल्या पडल्या जात्याची घरघर. आत आक्का गात होती:
सासूच्या हातची अर्धीच भाकरी
भुकेचं गाऱ्हाणं जात्या, घालते तुझ्या कानावरी
लगेच उतरून घेतली. माझ्या दोन्ही संग्रहांत अशी एक ओळ नाही. पण आक्का उपाशी असते?

१९ ऑगस्ट, पुणे
व्याख्यान रंगले. ती ओवी म्हटली नि सभा चिडीचूप. मासिकवाले छापणार. प्रिं.साहेब म्हणाले, आता तुमच्या कायम नेमणुकीला कोण आडवा येतो पाहू. गावी वरकुट्यात गुरे राखणारा मी! ओवीखाली आक्काचे नाव-गाव घालायला सांगितले. तिच्या शब्दांवर आपण का मिरवावे? खूश होईल.

९ नोव्हेंबर, भाऊबीज, वरकुटे
आक्काला आणायला गेलेली गाडी रिकामी आली. कारण विचारत राहिलो. शेवटी वडील बोलले, "तुजं मासिक पणदऱ्याच्या मास्तरनं देवळात मोठ्यानं वाचलं. सुनंला उपाशी ठिवत्यात म्हनून गावभर झालंय."

१० नोव्हें., पणदरे
दाजींनी पाणी दिले. थट्टा नाही.
आक्का दाराआडून, "बापू, मी नवी नवरी हुते तवाची ओवी ती. राग कवाच इरला. तोंडात बसलीय म्हनून गात हुते. म्हातारी मला सोताआधी तूप वाढायची रं. आता रोज आपली भाकर मोडती, निम्मी माज्या ताटात टाकती. बोलत न्हाय."
आक्काच्या सासूबाईंचे पाय धरले.
"उठा. छापल्यालं पुसता येतंय व्हय?"
जाते बंद आहे. ओवाळणे राहिलेच.

२ डिसेंबर, पुणे
नेमणूक कायम. पेढे वाटले, स्वतः खाल्ला नाही. मासिकाला खुलासा धाडला होता: ओवी जुनी, सासूबाई मायाळू. संपादक म्हणतात, वाचकांना यात गोडी नाही, नव्या ओव्या पाठवा.

१३ जानेवारी १९३५, बारामती
संक्रांतीचा बाजार. पिठाच्या गिरणीपाशी बायकांच्या घोळक्यात आक्का दिसली. मला बघून एकजण, "गप गं, लिवनारा आला!" सगळ्या हसल्या. आक्का हसली नाही. पिठाची पाटी मी उचलून तिच्या डोक्यावर दिली. घेतली. मान वळवली नाही.
म्हटले, "आक्का, उद्या तिळगूळ घेऊन येऊ?"
इंजिन धडधडत होते. तिचे ओठ हलले. काय म्हणाली, ऐकू आले नाही. पुन्हा विचारावे तर ती बायकांबरोबर चालू लागली होती.